एकाच जावळावर दोन नवस

नायगावच्या सिंधूबद्दल कोणाची काही तक्रार नाही, आणि हीच तिची अडचण आहे. ब्लाऊज सांगितलेल्या दिवशी देते, अस्तराचं कापड उरलं तर परत करते, आवाज चढवत नाही. अशा माणसाला कोणी काही विचारत नसतं. विचारायचं कशाला, ती हो म्हणणारच, असं सगळ्यांनी परस्पर धरलेलं असतं.

लग्नानंतर बरीच वर्षं तिला मूल झालं नाही. त्या काळात सासरच्यांनी आणि माहेरच्यांनी आपापल्या देवांना सांगून ठेवलं. नांदेडच्या दवाखान्यात जाऊन सुया टोचून घ्यायचं काम तेवढं सिंधूवर सोपवलं होतं. शेवटी मुलगा झाला, आणि जो तो म्हणायला लागला, आमच्या देवानं दिला. सिंधूनं दिला असं काही कोणी म्हणालं नाही. सुचलं नसेल.

नाव सासऱ्यांनी ठेवलं. सासरे म्हणजे अर्जुनराव. जमीन त्यांच्या नावावर आणि जीभ त्यांच्या ताब्यात, त्यामुळं घरातले सगळे निकाल वसरीवरच्या त्यांच्या बाजेवरून लागतात. सिंधूच्या मनात शिवम नाव होतं. अर्जुनरावांनी बारशाच्या सकाळी 'माउली' असं जाहीर केलं आणि शिवम मनातच राहिला. त्यानंतर पोराला वरचं दूध कधी द्यायचं ते शेजारणीनं ठरवलं. कान टोचायचं कोणी ठरवलं ते अजून कळलेलं नाही. सिंधू आंघोळीला गेली तेव्हा पोराचे कान साधे होते, केस पुसत बाहेर आली तर दोन्ही कानांत तारा, पोरगं बोंबलतंय आणि सोनार वसरीवर चहा पितोय.

"मला हाक तरी मारायची," ती म्हणाली.

"तुला कशाला तरास?" सासू पंचफुलाबाई म्हणाल्या. "झालं की सगळं."

त्या घरात सिंधूला त्रास होऊ नये म्हणून सगळे फार झटायचे.

पण कान परवडले. खरा घोळ केसांचा झाला. माउली जन्मला त्याच दिवशी दवाखान्याच्या दारात पंचफुलाबाईंनी पदर डोक्यावर घेऊन चारचौघांत सांगून टाकलं, की पोराचं जावळ पाचव्या वर्षी माळेगावच्या खंडोबाला काढायचं, मी नवस बोललेय, तोवर ह्याच्या डोक्याला कात्री लावायची नाही. नवस म्हटल्यावर अर्जुनरावही गप्प बसले. त्या घरात त्यांच्या वरचा निकाल फक्त देवाचा.

पाच वर्षं केस वाढले. वाढणार नाहीत तर काय? सिंधूचाच गुण, दाट आणि कुरळे. उन्हाळ्यात पोराच्या मानेवर घामोळं यायचं, उवा व्हायच्या, विंचरताना घर डोक्यावर घ्यायचा. सिंधू दोन वेण्या घालायची, नाहीतर डोळ्यांत जायचे. दारात येणारी बाई हटकून म्हणायची, "अगं बाई, किती गोड पोरगी!" माउली चड्डी खाली करून दाखवायचा. पहिल्यांदा सगळे हसले, मग त्याला मार बसायला लागला.

बालवाडीत घातलं तर पहिल्याच दिवशी बाईंनी त्याला मुलींच्या रांगेत बसवलं. नाव माउली, कानांत तारा, डोक्याला रिबिनी, बाईंचं तरी काय चुकलं? चूक कळल्यावर त्यांनी त्याला मुलांत नेऊन बसवलं आणि मुलांनी वेण्या ओढायला सुरुवात केली. दिवाळीनंतर त्यानं जायचंच सोडलं. शाळेची वेळ झाली की शिलाई मशीनच्या खाली शिरायचा आणि लोखंडी पायट्याला मिठी मारून बसायचा. सिंधूला पाय ठेवायला जागा नसायची. जूनमध्ये पहिलीत जायचं होतं, आणि पोरगं मशीनखालून बाहेर यायला तयार नव्हतं. रडायचा नाही, नुसता धरून बसायचा.

तिनं नवऱ्याला सांगितलं. शेषेराव खताच्या दुकानात कामाला. माणूस वाईट नाही. "बघू," म्हणतो आणि खरंच बघत बसतो.

"केसं कापू का मी?"

"बाईचा नवस हाय," तो म्हणाला. आईला तो बाई म्हणतो. "माळेगाव जवळ आलं की आता. बघू."

माळेगावची जत्रा जवळ आली तशी देगलूरहून सिंधूची आई शांतम्मा चार दिवस राहायला आली. रात्रीची जेवणं चालली होती. पंचफुलाबाईंनी वाढता वाढता सांगितलं, यंदा जत्रेत माउलीचं जावळ काढायचं.

शांतम्माचा घास हातातच राहिला. "जावळ? अवो इहीणबाई, ते तर मी तिरुपतीला बोलले."

"कवा?"

"पोरगीला दिवस राहायच्या आदी. पयली केसं बालाजीला, असं बोलले. देगलूरात कोणालाबी इचारा."

"मग आमाला कामून सांगितलं न्हाई?"

"तुमी तरी कुठं सांगितलं? मला वाटलं, तुमच्याकडं मोठी केसं ठेवायची रीत हाय."

जावळ एक आणि देव दोन. असं संकट त्या घरावर कधी आलं नव्हतं. पंचफुलाबाई म्हणाल्या, तिरुपतीला रोज केसांचे ढीग पडतात म्हणे, एक डोकं कमी पडलं तर बालाजीला कळायचं बी न्हाई. शांतम्मा म्हणाली, आमच्या देवाला सगळं कळतंय, तुमच्या देवाला भंडाऱ्यात काय दिसतंय का? मग दोघींनी एकदम डोळे मिटून कान धरले, कारण दोन्ही देव दोघींचेही होते. शेषेरावानं ताट घेऊन जागा बदलली.

अर्जुनरावांनी हात धुतले, सुपारी कातरली आणि निकाल दिला. उजव्या बाजूची केसं खंडोबाला, डाव्या बाजूची बालाजीला. माळेगावला आता जायचं, तिरुपतीला उन्हाळ्यात, शेषेरावला सुट्टी मिळाली की.

"आन् मदल्या काळात?" शांतम्मानं विचारलं.

"टोपी घालायची."

दोघींनी विचार केला. वाटणी बरोबर होती, कोणाच्याच देवाला कमी-जास्त नव्हतं. पंचफुलाबाई म्हणाल्या, हाव, जमतंय. शांतम्मा म्हणाली, जमतंय. शेषेराव म्हणाला, बघू. माउली झोपला होता म्हणून बरं.

सिंधू चुलीपाशी शेवटची भाकरी शेकत होती. अर्धं डोकं भादरलेलं, अर्ध्या डोक्यावर वेणी आणि वर टोपी, असं आपलं पोरगं उन्हाळ्यापर्यंत हिंडणार, हे तिनं ऐकलं. तिच्या पोराच्या डोक्याची वाटणी तिच्या पाठीमागं तीन हातांवर बसून झाली होती आणि एकाचीही मान तिच्याकडं वळली नव्हती. भाकरी करपली. ह्या घरात तिची भाकरी कधी करपली नव्हती.

"माझा बी नवस हाय," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले.

"तुझा? कोणाला?" अर्जुनराव.

सिंधूला कोणतंच नाव आठवेना. मोठे देव दोघींनी आधीच घेऊन टाकले होते. मग एकदम आठवलं. "सटवाईला."

सटवाई म्हणजे पाचवीला येऊन लेकराच्या कपाळावर लिहून जाणारी. बाळंतिणीची देवी. तिच्या भानगडीत पुरुष पडत नाहीत, आणि बाया तर तिचं नाव घेतल्यावर आवाजच खाली करतात.

"काय बोललीस?"

"पयली कात्री आईच्या हातची. घरच्या अंगणात. शाळंत घालायच्या आदी." हे सगळं तिला बोलता बोलता सुचत होतं. "सगळी केसं. अर्दी न्हाई."

अर्जुनरावांनी सुपारी गालात फिरवली. "सटवाईचं असंल तर... मग इतके दिस सांगितलं कामून न्हाई?"

"कोणी इचारलं न्हाई, मामा."

अर्जुनरावांनी नवा निकाल दिला: आधी सटवाईचं होऊन जाऊ दे, पुन्हा उगवतील ती ह्या दोघांना. शांतम्मानं देवाकडं मनातल्या मनात मुदत मागून घेतली. सिंधू करपलेली भाकरीच उलटत राहिली, म्हणजे तोंड फिरवायला नको. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं खोटं बोलली होती, तेही सटवाईच्या नावानं. रात्रभर पोराच्या कपाळाला हात लावून बघत होती, ताप तर आला नाही ना.

सकाळी ताप नव्हता. पुरुष माणसं कामाला गेली, शांतम्मा शेजारी गप्पा मारायला गेली. सिंधूनं अंगणात पाट मांडला, ब्लाऊज कापायची कात्री पुसून घेतली आणि माउलीला बसवलं. तेवढ्यात पंचफुलाबाई स्वच्छ धुतलेलं फडकं घेऊन आल्या आणि केस झेलायला त्याच्या पाठीमागं बसल्या.

"सटवाईला असा नवस नसतोय," त्या म्हणाल्या.

सिंधूची कात्री हवेतच राहिली. मेले आता, असं तिला वाटलं.

"भिऊ नगं. काप." पंचफुलाबाई फडकं सारखं करत होत्या. "म्या बी खंडोबाला काय बोलले नव्हते."

"म्हंजे?"

"म्हंजे न्हाई बोलले. दवाखान्याच्या दारात तोंडाला आलं ते बोलले."

सिंधूला आधी राग आला. असा राग तिला सोनाराचाही आला नव्हता. पाच वर्षं उवा, पाच वर्षं घामोळं, पोरगं मशीनखाली लपून बसतंय, आणि का, तर तोंडाला आलं म्हणून! "आत्याबाई, माझ्या लेकराचे पाच वर्षं हाल केले तुमी! कामून? कशासाठी?"

ती एवढं मोठ्यानं बोलली की माउलीनं मान वळवून बघितलं. पंचफुलाबाईंनी त्याचं डोकं हलकेच पुढं केलं.

"शेषेराव दोन वर्षांचा असंल," त्या म्हणाल्या. "मुरुडच्या नंदेला लेकरू नव्हतं. एक दिस ती आली, तुझ्या मामांनी आन् तिनं वसरीत काय ठरिवलं, आन् जाताना पोराला घिऊन गेली. म्या विहिरीवर धुणं धुवत व्हते. घरी आले तर झोळी रिकामी. मला म्हनले, तुला कशाला तरास, तिकडं दूध-दुभतं हाय."

सिंधूनं कात्री खाली घेतली.

"मग नंदेला तिचं झालं. मंग ह्याला धाडून दिलं. नेताना इचारलं न्हाई, आणून सोडताना बी न्हाई. तवा शाळंला जायाच्या वयाचा झालता. म्या पळत गेले तर मला म्हनला, मामी." पंचफुलाबाईंनी फडक्याचं टोक तोंडाशी नेलं आणि परत खाली आणलं. "तिनं तसंच शिकिवलं व्हतं. मी कधी भेटाया गेले की माज्याकडं बोट करून, ती बघ मामी आली. त्यो काय करंल? आई म्हनायची सवय त्याला लागलीच न्हाई. बाई म्हनतो. आजून."

माउलीनं विचारलं, कात्री कधी लावणार. दोघींनाही ऐकू आलं नाही.

"ह्यो माउली झाला तवा मला वाटलं, ह्याचं बी सगळं वसरीतच ठरणार. आपल्याला कोण इचारतंय? म्हनलं, केसं तरी माझ्या हातात राहू द्यावी. देवाचं नाव घेतलं तरच ऐकून घेतात ना ही मानसं." मग म्हणाल्या, "तुला इचारायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मला कोणी कधी इचारलं न्हाई, तर कसं येईल?"

सिंधूचा राग होता तिथंच होता. पण तो आता ह्या म्हातारीच्या अंगावर टाकावा असं वाटेना, आणि दुसरं कोणी समोर नव्हतं. तिला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही. कात्री उलटी धरून तिनं सासूपुढं केली.

"पयली बट तुमी कापा, आत्याबाई."

पंचफुलाबाईंनी कात्रीकडं बघितलं. घ्यावी असं त्यांना वाटत होतं, हात पुढंही झाला होता. मग त्यांनी तो फडक्याखाली नेला आणि फडकं नीट ताणून धरलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आईच्या हातची बोललीस ना? मग तूच काप."