ऊन दिलेली पावडर

आधार गुरुजींनी उखर्डूला खरं तर ओळखलंच नव्हतं. बारा वर्षं त्याने गावच्या टाकीचं पाणी सोडलं, बारा वर्षं गुरुजी ते प्याले, आणि एका दुपारी तो गेला तो परत आलाच नाही. त्याला मुलं किती, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

१९८८ चा जून. एरंडोलजवळच्या त्या गावात गॅस्ट्रोने तीन माणसं गेली होती. उखर्डूची बायको भिकुबाई जळगावला सलाईनवर होती. गावात एकच बोलणं : उखर्डू टाकीत जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकत नाही, विकून खातो.

तो शाळेच्या प्रयोगशाळेत आला. हातात टाकीच्या पाण्याची बाटली आणि पावडरीची पुडी.

"गुरुजी, मी रोज टाकस. तुमीच तपासा नि लोकेस्ले सांगा."

गुरुजींनी पाण्यात तांदळाची पेज आणि पोटॅशियम आयोडाइड घातलं. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. खाली जावं तसा जोर कमी, वरचा खालच्याला क्षारातून हुसकावतो, असं ते वर्गात शिकवायचे. पाण्यात पावडरीतला क्लोरीन असेल तर आयोडीन सुटणार, पेज निळी होणार.

पेज पांढरीच राहिली.

"आखो करा."

पुन्हा केलं. मग पुडीतली पावडरच घातली. तरी पांढरी. गुरुजींनी शाळेच्या बंद बरणीतली चिमूटभर पावडर टाकली, आणि पेज काळीनिळी झाली.

उखर्डूने बरणीकडे बोट केलं. "हाई बी पांढरी, मनी पुडीनी बी पांढरीच शे ना!"

"आबा, वास घ्या."

त्याने पुडी नाकाला लावली. "नही येत. पहिले डोळास्मां पानी येत व्हतं."

"पोतं ठेवता कसं?"

"उन्हाळाभर ऊन दिन्हं, ओल लागाले नको म्हनीसन. जवारीले देतस तसं."

उन्हात पसरून पसरून क्लोरीन कधीच उडाला होता. उरला होता तो चुना. हा माणूस चोर नव्हता. सांगू नये, असं गुरुजींना फार वाटलं. पण उद्याही गाव तेच पाणी पिणार होतं. त्यांनी सांगितलं.

उखर्डूने बाकाची कड धरली. "म्हंजे भिकुले मीच..."

गुरुजींनी बरणी पुढे सरकवली. त्याने ती परत त्यांच्याकडे ढकलली.

"माले चारनी जळगावनी यष्टी धरनी शे. आज पानी तुमीच सोडा."

"चावी कुठे?"

"टाकीखाले, खिळाले. पाइपना वाल घट्ट शे, जरा दाबीसन फिरवा."

"बरं," गुरुजी म्हणाले.