आसगावच्या भिंतीवरचा माझा लांडगा

फोनवर आलेला फोटो अंधुक होता. खालचा मजकूर मात्र स्पष्ट होता: ‘सर, तुमच्या चित्रावरून लांडगा वळखला. काल मारला. पाहाले या.’

आधी वाईट वाटलं. लगेच दुसरा विचार आला, की आयुष्यात पहिल्यांदा लांडगा हाताच्या अंतरावर पाहायला मिळेल. त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो.

मी चित्रकला कुठे शिकलो नाही, जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बसून वीस वर्षं जनावरं काढतोय. पुस्तकातला लांडगा कुत्र्यासारखा दिसला की माझं डोकं फिरतं. दोन वर्षांपूर्वी आसगावच्या एसटी थांब्यामागच्या भिंतीवर मी लांडगा आणि कुत्रा शेजारी शेजारी रंगवले. लांडग्याचे पाय लांब, छाती अरुंद, कपाळ नाकापर्यंत सरळ उतरतं. कुत्र्याच्या कपाळाला डोळ्यांपाशी पायरी असते. कुत्रे शेळ्या फाडतात आणि बोल लांडग्यांना लागतो, तो थांबावा म्हणून हा खटाटोप. एवढं बारकाईनं कोण पाहणार म्हणून खाली ठळक अक्षरांत एकच ओळ लिहिली: ‘शेपटी खाली, तर लांडगा.’

सकाळी सातला स्कूटर काढली. भंडाऱ्यात स्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले. या बाजूला येणार असाल तर पोटभर खाऊन घ्या, पवनी सोडल्यावर चहाशिवाय फारसं काही मिळत नाही. पुढच्या रस्त्याला मधेमधे खड्डे आहेत, दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. थैलीत स्केचबुक, पट्टी आणि तीन पेन्सिली होत्या.

मोहाच्या झाडाखाली वीसेक माणसं जमली होती. फोटो पाठवणारा रामदास शेळ्या राखतो. महिन्याभरात त्याच्या चार शेळ्या गेल्या होत्या.

“या सर! बरोबर वळखला ना? शेपूट पोटाखाली घेऊन पयत होता. मी मनलं, हाच!”

मी मेलेल्या जनावराशेजारी खाली बसलो. पट्टी काढायची गरज पडली नाही. कपाळाला पायरी होती, छाती रुंद होती, आणि मानेभोवतीचे केस दोरीने झिजले होते. परवा गावात वरातीचे फटाके फुटल्याचं आल्या आल्याच कानावर आलं होतं. घाबरलेला कुत्रा शेपटी खालीच घालतो, हे माझ्या भिंतीवर कुठेच नव्हतं.

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी बाई आली. पलीकडच्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, शेवंताबाई.

“काहो, माहा भुऱ्या दिसला का कोणाले? फटाक्यानं दोरी तोडून पयाला.”

कुणीतरी हसलं. “मावशी, इथं लांडगा हाय, तुहा भुऱ्या नाही.”

“कुत्रा आहे,” मी म्हणालो.

रामदासचा चेहरा उतरला. मग तो भडकला. “मंग भित्तीवर तसं काहून लिवलं? आमी तं तुमचंच वाचलं ना!”

शेवंताबाई भुऱ्याशेजारी बसली आणि त्याच्या कानातले गोचीड काढू लागली. बराच वेळ काढत राहिली. माझ्या मांडीवरचं स्केचबुक पाहून म्हणाली, “तुमी चित्रं काढता ना? याचं एक काढून द्या. घरी असा नसे राहत तो. मले पाहून शेपूट वर करे.”

दुपारी दुकानातून चुना आणून मी भिंतीवरची ती ओळ झाकली. मग चित्रंही झाकली. रामदासने बादली धरली. शेळ्या मारणारं जनावर कुठलं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

परत येऊन अकरा दिवस झाले. तुमच्यापैकी कुणी माळावर जाऊन असं जनावर पाहिलंत, तर कपाळ पाहा, छाती पाहा, पाय पाहा, आणि तरीही खात्रीनं बोलू नका.

शेवंताबाईला द्यायच्या चित्रात भुऱ्याच्या कपाळाची पायरी जमली, मानेवरचा दोरीचा वळही जमला. शेपटी वर काढतो तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा कुत्रा दिसतो. खाली काढली की लगेच ओळखू येतो.