खेमराज मास्तरचा कोट

माझ्या कॉम्प्युटरात एक निळा कोट आहे. गेल्या काही वर्षांत साकोलीत आणि आसपासच्या गावांत जी माणसं वारली, त्यांतली निम्मी तरी त्या कोटात गेली आहेत. घरचे लोक मोबाइलमधला एखादा फोटो घेऊन येतात. कधी बनियनवरचा, कधी लग्नाच्या पंगतीत तोंडात घास असतानाचा. मी त्यातलं डोकं तेवढं कापतो आणि कोटावर बसवतो. मागे ढग, बाजूला समई, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. जन्मभर लुंगीवर वावरलेला माणूस चौकातल्या बॅनरवर साहेब होऊन उभा राहतो. लोक खूश होतात. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

खेमराज गेल्याचं मला दहावीच्या ग्रुपवर कळलं. छातीत दुखायला लागलं आणि भंडाऱ्याला नेता नेता वाटेतच गेला. मी जोडलेले हात टाकले आणि पुन्हा एका लग्नाच्या अल्बमला लागलो. मातीला गेलो नाही. त्याचं गाव काही लांब नव्हतं. कामाचे दिवस होते एवढंच कारण, आणि ते सांगतानासुद्धा लाज वाटते.

मग एका दुपारी त्याची मुलगी खुशी दुकानात आली. कॉलेजात आहे. बापासारखीच हळू बोलते.

“काका, बाबाच्या तेरवीचा बॅनर कराचा आहे. फोटो तुमच्याचकडे आहे ना? तो कोटवाला?”

“आहे ना,” मी म्हणालो.

नव्हता.

खेमराज आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. त्याचा बाप गावच्या तलावात जाळं टाकायचा, माझा बाप बाजारात कापड विकायचा. गणिताच्या तासाला खेमराज बाकाच्या फळीवर पेटी वाजवल्यासारखी बोटं चालवायचा. कृष्णराव गुरुजींना ते दिसायचं, आणि त्याला मार देता देता ते मला प्रश्न विचारायचे विसरून जायचे. आमच्या दोस्तीचा पाया हा असा. मार त्याचा आणि फायदा माझा. पुढंही हिशेब फारसा बदलला नाही.

प्रार्थनेची पेटी मात्र गुरुजी त्याच्याच हाती द्यायचे. गावच्या भजन मंडळात बसून बसून तो शिकला होता. दहावीनंतर शाळा सुटली, पेटी सुटली नाही. पुढं तो झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायला लागला आणि खेमराजचा खेमराज मास्तर झाला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. तेव्हापासून होळीपर्यंत मास्तर घरी सापडायचा नाही. उरलेले महिने बापाचं जाळं होतंच. रेवताबाई, त्याची बायको, ते मासे आमच्या बाजारात विकायची.

ऑर्गनवाला स्टेजच्या खाली बसतो, नटांकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून. त्यामुळे अख्ख्या झाडीपट्टीला खेमराजची पाठ ओळखीची होती. एकदा एका गावात नायिका गाण्याचं कडवंच विसरली. खेमराजनं तीच ओळ ऑर्गनवर फिरवून फिरवून वाजवली. तिला आठवेपर्यंत वाजवली, आणि अशी की पब्लिकला वाटलं, गाणंच असं बांधलं आहे. टाळ्या नायिकेला पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. नंतर त्याला म्हटलं, “लेका, टाळ्या तुह्या होत्या.” तर म्हणाला, “पडल्या ना? बस झालं.”

म्हणून त्यानं जेव्हा तोंड उघडून काही मागितलं तेव्हा मला हसूच आलं.

तो ज्या नाटक कंपनीत वाजवायचा, तिची पोस्टरं माझ्याच दुकानात छापतात. नायक, नायिका, विनोदी नट, लावणीवाली, सगळ्यांचे फोटो. संगीतवाल्यांची नावं खालच्या ओळीत, मुंग्यांएवढ्या अक्षरांत. एका दसऱ्याच्या आधी खेमराज प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी घेऊन आला.

“भूप्या, यंदा पोस्टरवर माहा फोटो टाकतं का बे?”

“ऑर्गनवाल्याचा फोटो कोणी टाकते का?”

“म्हणूनच तं म्हणून राहिलो. एक डाव टाक. पोरीले दाखवतो.”

पिशवीत कोट होता. तपकिरी, नवाकोरा, शिवून घेतलेला. मी म्हटलं, “अबे, कोट कायले शिवला? कॉम्प्युटरात आहे ना. चढवून देतो.” तो म्हणाला, “तो नोको. हा माहा आहे. अंगात घालूनच काढ.”

आणि घातला. आरशासमोर उभा राहून भांग पाडला, कंगवा हातात तसाच ठेवून स्टुलावर बसला. मी ओरडलो, “कंगवा खिशात टाक ना, फोटोत येऊन राहिला.” त्यानं घाईनं तो आतल्या खिशात टाकला. फोटो चांगला आला होता. तेवढं मला नीट आठवतं.

पोस्टरवर तो टाकायचं मी कंपनीच्या मालकाला, भय्याजींना, विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर भय्याजी हो म्हणाले असते, माणूस वाईट नव्हता. पण लावणीवालीचा फोटो लहान करा, सगळी मांडणी पुन्हा करा, एवढी खटपट कोण करणार? पुढच्याच आठवड्यात एका बारशासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं, त्यात तो फोटोही गेला. पुसताना मला दिसला होता. दुसरीकडे ठेवायला फार वेळ लागला नसता.

त्यानंतर दर दसऱ्याला तो यायचा. “बसला का बे यंदा?” मी म्हणायचो, “जागाच नाही उरली.” मग विचारायचा, “पण आहे ना फोटो?” मी म्हणायचो, “आहे ना, जाते कुठं.” चहा पिऊन निघून जायचा. कधी रागावला नाही, आणि रागावत नाही म्हणून मीही सोकावलो.

खुशी गेल्यावर मी कॉम्प्युटर धुंडाळत बसलो. नाही हे माहीत असताना शोधत होतो. माझी बायको करुणा काउंटरवर होती. ती म्हणाली, “नाही आहे ना? मंग त्या पोरीले खोटं काहून सांगितलं?” मी तिच्यावरच खेकसलो.

मग मी खुशीला फोन केला. म्हटलं, “मोबाइलमधला एखादा फोटो पाठव, चेहऱ्याचा रंग जुळवाचा आहे.” तिनं तलावाच्या काठावरचा एक पाठवला. खेमराज जाळं झटकत होता, तोंड अर्धं वळलेलं. मी डोकं कापलं, सरळ केलं, सावली काढली आणि निळ्या कोटावर बसवलं. इतकं सफाईचं काम मी कधी केलं नव्हतं. करुणा मागून पाहत होती.

तेरवीला बॅनर मी स्वतः घेऊन गेलो. मांडवाच्या तोंडाशी बांधला. लोक जमले. “मास्तर कसा रुबाबदार दिसून राहिला,” कोणीतरी म्हणालं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. खुशीनं बराच वेळ पाहिलं आणि ती आत गेली. मग रेवताबाई बाहेर आली.

“भूपेंद्रभाऊ, हा कोट कोणाचा होय?”

“त्याचाच ना, वहिनी. तेव्हा काढला होता तो.”

ती आत गेली. आली तेव्हा हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी होती. तिनं तपकिरी कोट काढून बॅनरसमोर धरला. “त्यायचा हा होय.”

मी म्हणालो, “कार्ड खराब झालं होतं, वहिनी.” तिनं कोट खाली घेतला नाही. मग मी म्हणालो, “नाही. पुसला मी. दुसऱ्या कामासाठी.”

“कधी?”

“त्याच साली.”

“त्याच साली,” ती म्हणाली. “अन् ते दर दसऱ्याले तुमच्याकडून येऊन आमाले सांगत, फोटो आहे, भूपेंद्रनं जपून ठेवला आहे. घरी पोरीनं मोबाइल धरला का तोंड फिरवत. म्हणत, माहा चांगला फोटो आहे, असे कायले काढता.”

खुशीनं विचारलं, “आई, काढू का बॅनर?”

“राहू दे. लोकायसाठी आहे तो.”

आत, भिंतीशी मांडलेला पाट रिकामा होता. कोटवाला फोटो फ्रेम करून मी आणीनच असं धरून त्यांनी दुसरा ठेवलाच नव्हता. रेवताबाईनं तो कोट घडी करून पाटावर ठेवला, कॉलर नीट केली, हार घातला. एकेक जण पुढं होऊन फुलं वाहू लागला. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो, पण हातातली फुलं सुटेनात. मागची माणसं खोळंबली होती.

“वाहा ना, भाऊ,” रेवताबाई म्हणाली. “एकच डाव घातला होता.”

मी फुलं ठेवली. हात घडीवर टेकला तर आत काहीतरी टोचलं. आतल्या खिशात कंगवा होता.