घाटकोपरचा सर्व्हर मी घालवला

परबदादांनी घाटकोपरचा सर्व्हर घालवला नव्हता.

मी घालवला होता.

दादा काल गेले. हार्ट अटॅक. ते होते तोवर हे बोलायची हिंमत झाली नाही, आणि आज इथे लिहितेय. शूर ना मी!

मुलुंडच्या आमच्या छोट्या ऑफिसात दादा सिनियर, मी नवी. लोकांना सर्व्हर उभे करून द्यायचे, हेच काम. ऑपरेटिंग सिस्टम कुठली, डिस्कवर डेटा ठेवायला फाइल सिस्टम कुठली, हे दादा ब्रोशर वाचून कधीच ठरवत नसत.

टेस्ट मशीनवर मोठी फाइल कॉपी करायला लावायचे आणि मध्येच पॉवरची वायर खेचायचे. परत चालू. परत खेच. अख्खा आठवडा. फाइली शाबूत राहिल्या तरच ती सिस्टम गिऱ्हाइकाकडे जायची.

"दादा, यूपीएस असतो ना! कशाला एवढं?"

"लाईट काय तुका इचारून जातली गो?"

मला हसू यायचं.

घाटकोपरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरचं काम आलं तेव्हा दादा गावी होते. मी नवीकोरी फाइल सिस्टम टाकली. फास्ट होती, डेमोत झकास दिसली. वायर एकदाही खेचली नाही. दादांना फोनवर बिनधास्त सांगितलं, "टेस्ट झाली."

दोन महिन्यांनी तिथली लाईट गेली. यूपीएसने मान टाकली. सर्व्हर परत उठलाच नाही, आणि बॅकअप जुना. कित्येक पेशंटचे रिपोर्ट गेले. एक बाई काउंटरवर रडत होती, तिच्या आईचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं.

ऑफिसात आमच्या साहेबांनी विचारलं, "ही सिस्टम कोणी निवडली?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "मी."

बाहेर आल्यावर मला रडूच फुटलं. दादा चिडले. "माझी नोकरी जावची नाय, तुझी जातली. गप ऱ्हव."

मी गप्प राहिले. आठ वर्षं.

टीम हेडची पोस्ट दादांना मिळणार होती. ती गेली. पुढे ती मला मिळाली. लिहितानाही लाज वाटतेय.

काल त्यांच्या घरी वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "कामात चोख होते गं. फक्त तो घाटकोपरचा सर्व्हर... शेवटपर्यंत म्हणायचे, माझं चुकलं."

बायकोलासुद्धा माझं नाव सांगितलं नाही या माणसाने!

आणि मी? कालही गप्पच बसले.

वहिनी, त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. खोटं मी बोलले होते. उद्या घरी येऊन तोंडाने सांगते. मग मला दारातून हाकललंत तरी चालेल.

दादा, फार उशीर केला मी. माफ करा.

शेवटचा नमस्कार.