नळीपलीकडची लग्नपत्रिका

ज्या माणसाच्या बोटाला सुई लागलीच नव्हती, त्याला मी ‘रक्त निर्दोष’ असं छापलेलं पांढरं कार्ड दिलं. नुसतं दिलं नाही, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभा राहून, हार घालून, फोटो काढून दिलं. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात कार्ड घेणारा कार्डाकडे बघतोय आणि मी कॅमेऱ्याकडे.

ही चूक ज्यांनी निस्तरली त्या आप्पांबद्दल खरं तर मला लिहायचंय.

आप्पा म्हणजे धडगावच्या दवाखान्यातले रक्त तपासणारे तंत्रज्ञ. मूळचे खापरचे. पातळ अंगाचे, चष्मा कपाळावर. मी त्यांच्या हाताखाली समुपदेशक म्हणून कंत्राटावर लागलो. समुपदेशक म्हणजे आप्पा रक्त बघणार आणि मी तोंड चालवणार. कळसाडीत आमच्या घरी हे ऐकून आई म्हणाली होती की बरं झालं, ह्याच्या बोलण्याचे कोणीतरी पैसे देतंय.

काम सिकलसेलचं. रक्तातला हा दोष आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, फक्त दोष पुढे नेऊ शकतो. त्याला आमच्याकडे पिवळं कार्ड. दोघांकडून आला तर सांधे दुखणं, अंग पांढरं पडणं, आयुष्यभराचा दवाखाना, त्याला लाल. आणि काहीच नसेल त्याला पांढरं. सरकारचं म्हणणं साधं होतं, पिवळ्याने पिवळ्याशी लग्न करताना विचार करावा. एवढं एक वाक्य डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर पोचवायला मला ठेवलं होतं, आणि तेवढं एकच वाक्य मी मोडून ठेवलं. ते पुढे येईलच.

आप्पांची तपासणी बघण्यासारखी असे. रक्ताचा थेंब औषधाच्या नळीत टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर रक्त साफ. नळी गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर नमुना पुढच्या तपासणीला मोठ्या प्रयोगशाळेत. सरकारने रेघांचा कागद दिला होता. आप्पांनी तो खणात टाकला आणि नळीमागे लग्नपत्रिका धरायला सुरुवात केली.

“रेघ डोया मिटीसन बी दिखस,” ते म्हणाले. “अक्षर वाचनं पडस.”

म्हणून आमच्या प्रयोगशाळेतून दिवसभर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असा आवाज येत राही. नवीन माणसाला वाटे, आत कुणाचं तरी लग्न जमतंय. ते वाक्य मध्येच थांबलं की बाहेरच्या बाकावरच्या बायांचे चेहरे बदलत. काही न शिकवता त्यांना कळलं होतं की श्रीकृपा पूर्ण ऐकू आली पाहिजे.

मला एकदा लहर आली. मी म्हटलं, आप्पा, हे वाक्य तुम्हाला पाठ आहे, म्हणजे तुम्हीही डोळे मिटूनच वाचताय. आणि गंमत म्हणून त्यांच्या टेबलावरची पत्रिका काढून खापरच्या बाजारात मिळालेली एक गुजराती पत्रिका ठेवली. वाटलं, चिडतील. आप्पांनी नळी धरली, अक्षर अक्षर लावत दोन मिनिटं काढली आणि खूश झाले. त्यांची गुजराती कच्ची होती. आता पाठ म्हणायची सोयच उरली नाही, हे त्यांना फार आवडलं. ती पत्रिका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. तपासणीला वेळ मात्र दुप्पट लागू लागला आणि बाकावरच्या बाया माझ्या नावाने बोटं मोडू लागल्या.

संशय हा आप्पांचा धर्म होता आणि त्यात ते भेदभाव करत नसत. मोबाइलवर कुठल्या पाल्याच्या रसाने सिकलसेल बरा होतो असा निरोप आला की विचारत, “तू सोता देखं का?” स्वतः पाहिलंस का, एवढंच. भगताने सांगितलं तरी तेच, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तरी तेच. भगत हसायचा, साहेब हसत नसत. नळीवरही त्यांचा भरवसा नव्हता. अंगात रक्त फार कमी असलं तर नळीही खोटं बोलते, असं म्हणून अशक्त दिसणाऱ्या माणसाचा ते थेंब वाढवून पुन्हा बघत.

अशा माणसाचा मला संशय आला नसता तरच नवल. इतका संशय घेणारा स्वतः काहीतरी लपवत असणार, हा माझा सिद्धांत. आप्पा रोज एक स्टीलचा थर्मास आणत आणि कोणाला हात लावू देत नसत. मी ठरवून टाकलं की हा माणूस नमुने बाहेर नेतोय. एका दुपारी ते साहेबांकडे गेलेले पाहून मी झाकण उघडलं. आत चहा होता. पुरत्या खात्रीसाठी घोटभर पिऊनही बघितला. मागे वळलो तर दारात आप्पा.

मला वाटलं, आता नोकरी गेली. ते म्हणाले, “चांगलं करं. आज पहिल्यांदा तू सोता देखं.” त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक. कॅन्टीनच्या चहात किती दूध किती पाणी याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून घरून आणत, एवढंच होतं ते रहस्य.

आता माझं वाक्य.

पाड्यावरची पोरं भाषणं ऐकत नाहीत, रील बघतात, हे मला चहाच्या टपरीवर उमगलं. मग मी ढोल-पावरीच्या ठेक्यावर एक रील केलं. कपाळाला पिवळं कार्ड चिकटवून मी नाचतोय आणि शेवटी हात वर करून ओरडतोय, ‘पिवळं कार्ड? थांब!’ लोकांनी ते इतकं पाहिलं की जीपवाले मला बघून ‘थांब’ म्हणत जीप थांबवू लागले. वरच्या ऑफिसातून शाबासकी आली. आप्पांनी रील तीनदा बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “कोनी थांबानं? कोनसाठे? अर्धं सांगं तू.”

मी म्हटलं, आप्पा, रीलमध्ये एवढं मावत नाही.

त्याच सुमाराला ते पांढरं कार्डही मीच वाटलं होतं. रक्ततपासणीची शिबिरं दिवाळीनंतर झाली. तेव्हा अर्धे पाडे ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात. सरकारी टॅबमध्ये प्रत्येक नावापुढे ‘सामान्य’ हा शब्द आधीच भरलेला येई; जो हजर नाही त्याच्यापुढे आपण ‘गैरहजर’ करायचं. मी एका पाड्याच्या यादीत तेवढंच करायला विसरलो. कार्डं छापून आली, यादीवर तपासणाऱ्याची म्हणून आप्पांची सही घेतली आणि लोक परत आल्यावर मी हार घालून वाटली.

होळी झाली. एके सकाळी एक मुलगी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. शहाद्याच्या कॉलेजात शिकणारी, वरच्या एका पाड्यावरची. तिच्या हातात तिचं पिवळं कार्ड होतं आणि छापून झालेली लग्नपत्रिका. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं आणि मुलाच्या बापाने नाही म्हणून कळवलेलं. मुलीचं कार्ड पिवळं, आमच्या मुलाचं पांढरं, आणि दवाखान्याचा माणूसच मोबाइलवर ‘थांब’ म्हणतोय, असं त्याचं म्हणणं. मुलगा बापापुढे बोलत नव्हता.

मी लगेच समुपदेशन सुरू केलं. पांढऱ्या-पिवळ्याला काही अडचण नसते ताई, मी समजावतो त्यांना.

ती माझ्याकडे न बघता आप्पांना म्हणाली, “आप्पा, त्याचं कार्ड खरं आहे का? शिबिराच्या दिवशी तो बारडोलीकडे उसात होता. मला व्हिडिओ कॉल केला होता. मागे ऊस दिसत होता.”

आप्पांनी रजिस्टर काढलं. मुलाच्या नावापुढे नळीचा क्रमांक नव्हता. मी म्हणालो, चूक माझी आहे, यादी मी भरली. त्यांनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“मन्ही बी सही शे.”

आप्पा न बघता कशावर सही करत नसत. माझ्यावर केली होती.

मुलगा पांढरा निघाला तर बापाला समजावता आलं असतं. तो पिवळा निघाला तर? आप्पांनी तिला आधीच विचारलं. ती म्हणाली की मग मी विचार करीन, पण खऱ्या कार्डावर करीन. मी समुपदेशक असून मला एवढं नेमकं कधी बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जीपने निघालो. नळ्यांचं औषध थंड ठेवायचं होतं आणि दवाखान्याची बर्फाची पेटी लसीकरणाला गेली होती. आप्पांनी थर्मासमधला चहा मोरीत ओतला आणि त्यात बर्फ भरून बाटली ठेवली. घाटभर त्यांनी थर्मास मांडीवर धरून ठेवला.

मुलाच्या घरी खाट टाकली गेली. बापाने मला ओळखलं. तो त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मी मुलीला अर्थ विचारला. ती म्हणाली, “हा नाचणारा का, असं विचारताहेत.”

आप्पांनी मला उभं केलं आणि सगळं सांगायला लावलं. तपासल्याशिवाय कार्ड दिलं. रीलमध्ये अर्धंच सांगितलं. मुलगी एकेक वाक्य पावरीत करत होती आणि मला संशय आहे की माझ्यापेक्षा थोडं जास्तच सांगत होती. बाप ऐकून म्हणाला की मग हा आज खरं बोलतोय हे कशावरून? आप्पांना तो माणूस तिथेच आवडला असावा. ते म्हणाले, माझ्यावरही विश्वास ठेवू नका, तुमच्या मुलाला वाचू दे.

मुलाने बोट पुढे केलं. थेंब नळीत गेला. थांबण्याच्या त्या मिनिटांत त्याच्या आईने कोरा चहा आणला. आप्पांनी काही न विचारता, वासही न घेता तो प्यायला. मला ते नळीपेक्षा भीतीदायक वाटलं.

मग त्यांनी मुलीकडून पत्रिका मागून घेतली, तीच, ह्यांच्याच लग्नाची, आणि नळी तिच्यापुढे धरून मुलाला म्हणाले, वाच.

मुलगा वाकला. आधी ओठ नुसतेच हलले. मग त्याने स्वतःचं नाव वाचलं. नळी किंचित सरकली, तो थांबला, मान तिरकी केली आणि त्या लालसर पाण्यातून तिचं नाव वाचलं. मोठ्याने, बापासमोर.

आप्पांनी दुसरी नळी केली. पुन्हा तेच वाचायला लावलं. या वेळी तो अडखळला नाही.

पण बाप सहज सुटणारा नव्हता. त्याने विचारलं की उद्या नातवंडं पिवळी झाली तर? इथे उत्तर मला द्यायचं असतं तर गोड काहीतरी बोललो असतो. आप्पा म्हणाले, काही पिवळी होतील, लाल मात्र होणार नाहीत. बाप अंगणातल्या कणसांच्या माळेकडे बघत बसला. शेजाऱ्याने पिवळा मका लावला की आपल्या पांढऱ्या कणसात पिवळे दाणे येतात, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी तो उठला आणि बायकोला काहीतरी सांगून आत गेला. मुलीने मान खाली घालून अर्थ सांगितला, “म्हणाले, पिवळ्या मक्याची भाकरीपण आपण खातोच.”

परतीच्या जीपमध्ये माझ्या जिवात जीव आला होता. मी म्हटलं, बघा आप्पा, माझं कार्ड शेवटी खरंच होतं.

“कार्ड खरं निंघनं,” आप्पा म्हणाले. “तू खोटा निंघना.”

त्यानंतर त्या यादीतल्या प्रत्येक गैरहजर माणसाला शोधून आम्ही पुन्हा तपासलं. दोन पांढरी कार्डं पिवळी झाली. ती परत मागायला मीच जायचो, आप्पांनी तसं ठरवूनच दिलं होतं. रील मी काढून टाकलं, पण लोकांच्या मोबाइलमधून ते कोण काढणार? अजून एखादा जीपवाला ‘थांब’ म्हणतो.

आप्पा पुढे निवृत्त होऊन खापरला गेले. गेल्या पावसाळ्यात दवाखान्याच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आणि खाली हात जोडलेल्या खुणांची रांग आली. मी हात जोडले नाहीत. मोटरसायकल काढली आणि खापरला गेलो. घरापुढे माणसं बसलेली होती. आत जाऊन स्वतः पाहिलं. मग विश्वास ठेवला.

त्यांची गुजराती पत्रिका खणातच राहिली होती. आता नव्या तंत्रज्ञबाई नळी वाचतात आणि आप्पांची रीत म्हणून दुसऱ्यांदा मी, गुजरातीत, अक्षर लावत. गेल्या महिन्यात ती मुलगी आली. कडेवर तीन वर्षांचा मुलगा. त्याचं बोट टोचलं, तो रडला, तिने थोपटून त्याला गप्प केलं. तिने विचारलं, आप्पा दिसत नाहीत? मी सांगितलं. ती मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मी नळी पत्रिकेपुढे धरली. सगळी अक्षरं लागली. डोळे भरून आले होते तरी लागली. मी म्हटलं, साफ आहे ताई, मी स्वतः पाहिलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलाचं बोट पुन्हा टेबलावर ठेवलं.

“बाई,” ती तंत्रज्ञबाईंना म्हणाली, “ह्यांनी पाहिलं असेल तर परत टोचा.”