बाबांचे छप्पन्न

बाबांच्या तोंडी एकच आकडा. वाडीत नारळ छप्पन्न, दारात पाहुणे छप्पन्न, शेजाऱ्याच्या थापा छप्पन्न. मोजायचा कंटाळा आला की आपण छप्पन्नवर थांबतो. मी पालघरला शाळेत मराठी शिकवते, म्हणून हे कुठून आलं ते शोधलं. जुन्या समजुतीत देश छप्पन्न आणि त्यांच्या भाषाही छप्पन्न. छप्पन्न म्हटलं की सगळं जग आलं. आता जग कोण मोजत बसणार?

मला सांगून आलेला मुलगा बोईसरला कारखान्यात होता. दोनदा भेटलो होतो. मला तो आवडला होता, अगदी मनापासून. पण आम्हा शिरगावच्या वाडीवाल्यांत स्थळ बघायला गेलं की आधी विहीर बघायची, मुलगा मागाहून. बाबा त्याच्या दोन खोल्यांत शिरले आणि मागचं दार उघडून विहीर शोधू लागले.

"पाणी कुठनं भरता?"

"नळाला येतं," तो म्हणाला.

बाबांनी चहाला तोंडही लावलं नाही. घरी येऊन म्हणाले, "विहीर नाय त्या घरात पोर द्यायची नाय. अशी छप्पन्न स्थळं येतील."

मी आईचे पाय धरले. ती बाबांशी बोलायला वाडीत गेली आणि डोळे पुसत परत आली. "नाय ऐकत गं," म्हणाली. वर्षभरात त्या मुलाचं लग्न झालं.

छप्पन्न देशांतलं एकही स्थळ शिरगावच्या वाटेला लागलं नाही. बाबांनी शोधलंही नाही. माझा पगार घरात येत होता, घाई कुणाला? विहीर मात्र खारावली. आता आम्हीही नळाचंच पितो. बाबा त्या पाण्याला नावं ठेवत दोन-दोन तांबे रिचवतात, तेव्हा त्यांचं डोकं पिंपात दाबून धरावंसं वाटतं मला. बाप आहे म्हणून तसं वाटायचं थांबत नाही.

गेल्या महिन्यात बेटेगावची मावशी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. माझ्याकडे बघत तिनं बाबांना हळूच विचारलं, "हिचं का वो राहिलं?"

"हिलाच नको होतं," बाबा म्हणाले. "मी हात जोडले हिच्यापुढे. नाय म्हणजे नाय."

मी आईकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. ती ताटातल्या तांदळातले खडे वेचत राहिली, मग मान वर न करता म्हणाली, "हो ना. लय हट्टी हाय पोर."