छापाचं टोक

चंद्रपुरात घर बांधलं तेव्हा बैठकीच्या खोलीत दरवाजा आणि खिडकी यांच्यामध्ये भिंतीचा एक पट्टा मोकळा राहिला. तिथे जुना सागवानी बाक ठेवायचा, हे आधीच ठरलं होतं. वार्ताहर म्हणून चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यात फिरताना जुन्या लाकडी वस्तू गोळा करायची सवय लागली होती. बातमीसाठी एखाद्या घरी गेलो की माणसाशी बोलता बोलता नजर खोलीत फिरायची. एका निवृत्त वनपालाची वेताची खुर्ची, एका किराणा दुकानातली धान्याची पेटी, असं बरंच काही त्याआधी घरी आलं होतं.

बाक मिळाला चामोर्शीजवळच्या एका गावात. घर मासेमारी करणाऱ्या कुटुंबाचं होतं. पावसाळ्यानंतर तलाव, उन्हाळ्यात नदी, मधल्या काळात दुसऱ्याच्या धानात मजुरी. घरकुल मंजूर झाल्यामुळे जुनं मातीचं घर पाडलं होतं आणि नव्या दोन खोल्यांत बाक मावत नव्हता. तो बाहेर पडवीत होता आणि त्यावर जाळं वाळत घातलेलं होतं. घरातला म्हातारा सत्तरीचा असावा. त्याच्या वडिलांनी आलापल्लीला वनखात्याच्या लाकूड डेपोत काम केलं होतं आणि तिथल्या लिलावातून एक ओंडका घेतला होता. त्या ओंडक्यातून दोन वस्तू निघाल्या. एक हा बाक आणि दुसरी आलमारी. आलमारी नव्या घरातही होती. ती विकायची नव्हती.

टेम्पोत बाक चढवताना म्हाताऱ्याने त्याच्या डाव्या टोकावर हात ठेवला. तिथे रंधा फिरवलेला नव्हता. लाकूड खडबडीत होतं, काळं पडलं होतं, भेगा होत्या, आणि मध्ये एक गोल खूण खोल उमटलेली होती.

"हे टोक सांभाळजा, भाऊ," तो म्हणाला. "डेपोचा छाप हाये."

"तुम्हाला नको का मग?"

"आमच्या इथी वाळवी लागते. लिलावाचा कागद तं तिनंच खाल्ला. तुमच्या घरी चांगला राहीन."

मी वहीत लिहून घेतलं: डावं टोक, डेपोचा छाप. का सांभाळायचं, ते विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा वस्तूत जीव असतो, एवढाच अर्थ काढला. वाटेत वनखात्याच्या नाक्यावर गाडी थांबवली गेली. रक्षक मागे गेला, बाकाच्या टोकाशी वाकला, आणि हाताने पुढे जा म्हणाला. पत्रकार म्हणून सोडलं, असं मला वाटलं.

घरी आल्यावर कळलं, बाक चार बोटं लांब होता. मोकळ्या पट्ट्यात बसत नव्हता.

चंद्रपुरात जुन्या लाकडाचं काम करणारे एक चाचा होते. त्यांचे वडीलही तेच काम करत. जुने सांधे ते अजून सरसानेच जोडायचे. बाजारातला डिंक वापरला तर पुढच्या माणसाला सांधा सोडवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी फूटपट्टी लावली आणि पेन्सिलीने उजव्या टोकावर रेघ मारली.

"इकडून नको," मी म्हणालो. त्या टोकाला लाकडाच्या रेषा सुंदर होत्या. पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशा. "डावीकडून कापा."

"साहब, डावीकडं निशान आहे."

"म्हणूनच. खराब दिसतं."

चाचांनी चष्मा काढून पुसला. "जंगलातला माणूस ही बाजू कधी कापत नाही. रंधासुद्धा लावत नाही. पूरे माल का एकच निशान राहतं ना."

"माझ्या घरी कोण तपासायला येणार आहे?"

"वो भी सही है. पेपरवाल्याच्या घरी कोण येतं? जो येतो तो छापून येतो." ते हसले, रेघ पुसली आणि दुसरी मारली. कापलेला तुकडा कोपऱ्यातल्या सरसाच्या शेगडीत गेला. पॉलिश झालेला बाक भिंतीला चपखल बसला. पाहुणे त्याची स्तुती करत, आणि मी त्यांना बाकाचा इतिहास सांगत असे. त्यात डेपो असायचा, लिलाव असायचा. छाप नसायचा.

दोन वर्षांनी एका सकाळी म्हातारा दारात उभा होता. पहिल्या बसने आला होता. नातीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. नवरा मुलगा शहराजवळचा. नातीला द्यायचं ठरलेलं सगळ्यांत मोठं काही असेल तर ती आलमारी. तिला आई नव्हती, बाप मजुरीला तेलंगणात. म्हाताऱ्याने सोयरिकीच्या बैठकीतच शब्द दिला होता: अस्सल सागवानाची, माझ्या बापाची आलमारी. गावातला टेम्पो रिकामा शहराकडे जात होता म्हणून ती आधीच पाठवली, आणि नाक्यावर उतरवून घेतली गेली. कागद नाही, छाप नाही, म्हणजे लाकूड चोरीचं धरलं. म्हाताऱ्याने तिथे सांगितलं होतं की छाप आहे, त्याच ओंडक्याचा आहे, पण चंद्रपुरात एका पेपरवाल्याच्या घरी आहे.

"आणून दाखव म्हन्ते. नाईतं फोटो," तो म्हणाला. "एक फोटो काढून द्या, भाऊ. तेवढ्यासाठी आलो."

मी काही बोलण्याआधी तो बाकाकडे गेला. बसला नाही. डाव्या टोकाशी वाकला, हात फिरवला. मग उठून उजव्या टोकाशी गेला, तिथेही हात फिरवला.

"फिरवून ठेवला का?"

"नाही. कापावा लागला. बसत नव्हता."

"तो तुकडा?"

"जळाला."

तो बाकाच्या काठावर बसला. त्याने विचारलं, "नेतानाचा फोटो असन ना मोबाईलात?"

फोटो होते. अकरा होते. सगळे समोरून काढलेले.

त्या दिवशी फोन केले. वनखात्यातला ओळखीचा एक अधिकारी शांतपणे बोलला. नियम सगळ्यांना सारखा आहे, तुम्हीच लाकूडचोरीच्या बातम्या दिल्या आहेत, असं त्याने आठवण करून दिल्यासारखं नाही, सहज सांगितलं. मी लेखी जबाब दिला. बाक आणि आलमारी एकाच ओंडक्याची आहेत, असं मला विकणाऱ्याने सांगितलं होतं. लिहिताना लक्षात आलं की माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढंच होतं: सांगणाऱ्याचं सांगणं. चौकशी होईल, वेळ लागेल, असं उत्तर आलं. आलमारी बाकीच्या जप्त लाकडाबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये गेली.

बाक परत नेण्याबद्दल मी म्हाताऱ्याला विचारलं. तो नको म्हणाला. जायच्या आधी त्याने एकच मागणं केलं.

"लग्नाले या. पोराकडचे म्हनून राह्यले, आलमारी नव्हतीच, बुढा बाता मारते. तुमी सांगा, होती म्हनून. तुमचं आयकतीन."

गेलो. मांडव शाळेजवळ होता, दुपारची वेळ. जेवणाच्या आधी म्हाताऱ्याने मला नवऱ्या मुलाच्या आत्याजवळ नेलं. बाई बोलायला मोकळी होती.

"हे पेपरवाले भाऊ," म्हातारा म्हणाला. "आलमारी यायनं पायली हाये."

"पायली का खरंच?" तिने मला विचारलं. "का फोटोतच पायली?"

"स्वतः पाहिली," मी म्हणालो. "चांगली जुनी आहे. नाक्यावर अडकली आहे. कागदपत्रांची अडचण झाली."

वाक्य नेमकं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बातमीत असंच लिहितात, अडचण कोणी केली ते कळलं नसेल तेव्हा. मला कळलेलं होतं.

आत्या म्हाताऱ्याकडे वळली. "बापाची वस्तू म्हनता, अन् तिचा कागद सांभाळता येत नाई? काऊन, मासोळ्या बांधून देल्ल्या का त्यात?" बाजूच्या बायका हसल्या. मग ती नवरीकडे पाहून म्हणाली, "आता हिलेच विचारतीन गावातले, काय आनलं म्हनून."

मला बोलायला वेळ होता. आत्याने पदर सारखा केला, पाण्याचा पेला घेतला, रिकामा करून खाली ठेवला. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो बाई," तो म्हणाला. "आमच्याकडूनच चूक झाली." आणि माझ्यासाठी पत्रावळ मांडायला कुणाला तरी हाक मारली.

मी जेवलो.